मायची कॅसेट, लेकाची तबकडी

जुनी गाणी तबकडीवर पुन्हा निघाली की आपण म्हणतो, हा हौशी मंडळींचा नाद. पण कधी कधी अशी तबकडी काढणारा दुकानदार नसतो, लेक असतो. अमेरिकेतल्या कोल्ट्रेन घराण्याची ही गोष्ट आहे.

जॅझ हे तिथल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत. ठरलेली चाल घ्यायची आणि ऐनवेळी सुचेल तशी ती फुलवायची. काही वादकांनी त्याची प्रार्थना केली. जॉन कोल्ट्रेन यांची १९६५ची ‘अ लव्ह सुप्रीम’ ही तबकडी त्यातली अग्रणी. पंडित रविशंकरांवर त्यांचा इतका जीव, की त्याच वर्षी जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले. १९६७ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, जॉन गेले. मागे पत्नी अॅलिस आणि चार लेकरे.

अॅलिस स्वतः उत्तम पियानो, हार्प वाजवीत. दुःखातून वाट शोधत त्या स्वामी सच्चिदानंदांकडे गेल्या, भारतात आल्या, पुढे तुरीयसंगीतानंद झाल्या. १९८२ साली त्यांनी ‘तुरीया सिंग्ज’ ही कॅसेट काढली. संस्कृतातली नऊ भजने, आणि गाणाऱ्या त्या स्वतः. ती बाजारासाठी नव्हती, साधकमंडळींसाठी होती. आपल्याकडे कीर्तन म्हटले की अभंग आणि त्यावरचे निरूपण आले. तिकडे त्या शब्दाचा अर्थ नामाचे भजन एवढाच. पण अॅलिस डेट्रॉइटच्या चर्चमध्ये वाजवत वाढलेल्या. त्यामुळे नाम आपले आणि ऑर्गनवरचा सूर त्यांच्या चर्चचा, असा तो संगम झाला. सैलानीच्या यात्रेत कव्वाली आणि आषाढीला टाळमृदंग ऐकणाऱ्या आमच्या जानेफळकरांना त्यात परके वाटू नये.

२००४ साली ‘ट्रान्सलिनियर लाइट’ या आईच्या तबकडीचे काम रवी करत होते. त्यात रवी आणि ओरान हे दोघे भाऊ आईबरोबर वाजवतात. त्या कामात त्यांना ‘तुरीया सिंग्ज’च्या मूळ फिती सापडल्या. अशा फितीवर चोवीस वेगवेगळे पट्टे असतात. एकावर आवाज, एकावर ऑर्गन, बाकीच्यांवर इतर वाद्ये. कॅसेटमध्ये आवाजाला व्हायोलिनवर्गीय वाद्यांची आणि सिंथेसायझरची साथ होती. पण या फितींबरोबर फक्त आवाज आणि ऑर्गन एवढीच मिश्रणेही निघाली. अॅलिस २००७ साली गेल्या. २०२१ साली रवींनी हे साधे रूप ‘कीर्तन : तुरीया सिंग्ज’ नावाने तबकडीवर आणले.

इथे प्रश्न उभा राहतो. खरे गाणे कोणते? आईने स्वतः सजवून दिलेले, की लेकाला भावलेले बिनसजावटीचे? सजावट आईनेच केली होती, ती अशी बाजूला ठेवायची का? मला वाटते, नवे रूप जुन्याच्या शेजारी बसावे, त्याच्या जागी नव्हे. देवघरात एकाच विठ्ठलाच्या दोन तसबिरी असतातच की!

कॅलिफोर्नियातला त्यांचा आश्रम २०१८च्या वणव्यात जळाला. भिंती गेल्या, सूर राहिले, कारण फिती कोणीतरी जपल्या होत्या.

आपल्या घरच्या कॅसेटवर असे चोवीस पट्टे नसतात. आजोबांचा अभंग, टाळ आणि मागची कोंबड्याची बांग सगळे एकत्र मुरलेले असते, ते पुन्हा वेगळे काढणे कठीण. म्हणून ती एकच प्रत मोलाची. फितीवर बुरशी दिसली तर ती लगेच यंत्रात घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर तिची नक्कल संगणकात उतरवून घ्या आणि मूळ कॅसेटही ठेवा. आणि वेष्टणावर गाणाऱ्याचे, पेटी-मृदंग वाजवणाऱ्याचे नाव, गाव, साल आजच लिहा. नातवंडांना आवाज ऐकू येईल, पण तो कोणाचा हे सांगणारे तेव्हा घरात कोणी नसेल.