नागपूरच्या मातीत गुलमखमल

विदर्भातील फुलबागेचा विचार करताना ऊन हाच तिचा मुख्य शत्रू मानला जातो. नागपुरात मे महिन्यातील दिवसाचे कमाल तापमान सरासरी ४२ अंश सेल्सियसच्या पुढे असते आणि लाटेच्या दिवसांत पारा ४६-४७ अंशांवर जातो, हे पाहता ही समजूत स्वाभाविक आहे. तथापि ज्या फुलझाडाला गुलमखमल किंवा बटणफूल म्हणतात आणि ज्याचे शास्त्रीय नाव गॉम्फ्रिना ग्लोबोजा असे आहे, त्याच्या बाबतीत ती खरी ठरत नाही. हे झाड ऊन सोसते, पाण्याची ओढही बऱ्याच प्रमाणात सोसते. त्याला सोसवत नाही ते मुळाशी साचलेले पाणी. म्हणून नागपूर परिसरात त्याची जोपासना करणे म्हणजे मुख्यतः काळ्या मातीतून पाणी वेळेवर वाहून जाईल अशी व्यवस्था करणे होय, आणि खतपाण्याचा विचार त्यानंतर येतो.

गुलमखमल हे राजगिऱ्याच्या कुळातील वर्षायू झाड आहे, म्हणजे बीजापासून बीजापर्यंतचा त्याचा प्रवास एका वर्षाच्या आत पुरा होतो. माठ आणि तांदुळजा या पालेभाज्या, मंगळागौरीच्या व गणपतीच्या पत्रीत लागणारा आघाडा, पावसाळ्यात रानभाजी म्हणून खुडला जाणारा कुर्डू आणि बागेतला कोंबडा हे सारे त्याचेच सगोत्र. मूळ मात्र या देशातले नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून ते जगभर पसरले. भारतात ते फार लवकर रुळले असावे, कारण हेन्ड्रिक व्हान रीड या डच अधिकाऱ्याने सिद्ध करविलेल्या आणि १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत छापल्या गेलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात मलबारच्या वनस्पतींमध्ये त्याचे चित्र व वर्णन आलेले आहे. रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी या ग्रंथासाठी माहिती पुरविली होती आणि त्याबद्दलचे त्यांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे १७५३ साली लिनीअसने झाडाला आजचे शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याने याच ग्रंथाचा आधार घेतला आणि झाडाचे वसतिस्थान म्हणून भारताचा उल्लेख केला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती चूक होती. पण अमेरिकेतून आलेले झाड येथे किती सहज सामावले गेले होते, याचा तो बोलका पुरावाही आहे.

हे फूल सुकल्यावरही आकार राखते. त्याचे एक बोंड दोन बोटांत धरून उकलले की या टिकाऊपणाचे कारण दिसू लागते. ज्याला फूल म्हटले जाते तो वस्तुतः अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो आणि त्याचा जांभळा, गुलाबी किंवा पांढरा रंग पाकळ्यांचा नसून छदकांचा, म्हणजे फुलाला वेढून असणाऱ्या रूपांतरित पानांचा असतो. ही छदके कागदासारखी कोरडी असतात, त्यांच्या कण्यावर बारीक दातेरी पाख असतो आणि बोटांनी चोळल्यास ती कुरकुरतात. खरी फुले त्यांच्या आड दडलेली असून बोंडाच्या माथ्यावर इवल्या पिवळसर ठिपक्यांसारखी तेवढी डोकावतात. बोंडाच्या तळाशी दोन हिरवी पाने बशीसारखी पसरलेली असतात, आणि फूल सुकल्यावर आत पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेले एकेकच बी उरते. ताज्या फुलातही या छदकांत पाण्याचा अंश मुळातच थोडा असल्यामुळे ते पाणी उडून गेल्यावर आकार फारसा बदलत नाही. झेंडूच्या रसरशीत पाकळ्यांना हे शक्य नाही.

उन्हाला तोंड देण्याची क्षमता झाडाच्या पानात आहे. बहुतेक वनस्पतींत हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे विकर थेट करते. पण उष्णता वाढली की हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनला पकडू लागते आणि झाडाने कमावलेल्या ऊर्जेचा काही भाग वाया जातो. या अपव्ययाला प्रकाशश्वसन म्हणतात. गुलमखमलीत शिरांभोवती पेशींचे एक खास कडे असते. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बन अणूंच्या संयुगात बांधतात आणि तो या कड्यात आणून सोडतात, त्यामुळे तेथे त्याची दाटी होऊन रुबिस्कोला चुकण्यास वाव राहत नाही. या पद्धतीला सी-४ प्रकाशसंश्लेषण म्हणतात. ज्वारी, मका आणि ऊस ही पिके याच पद्धतीची आहेत, तर कापूस आणि संत्रा तशी नाहीत. द्विदल वनस्पतींमध्ये सी-४ पद्धतीच्या सर्वाधिक जाती राजगिऱ्याच्या कुळातच आढळतात. या पद्धतीत पानावरील रंध्रे कमी उघडी ठेवूनही काम भागते, साहजिकच पाण्याची बचत होते. दिवसाला सहा-सात तास थेट ऊन मिळत नसेल तर हे झाड उंच, विरळ आणि फुलांना कंजूष होते. नागपूरच्या गच्चीवर जी जागा इतर कुंड्यांना भाजून काढते तीच त्याला मानवते.

शत्रू मातीत आहे. नागपूर शहर दोन भूप्रदेशांच्या सीमेवर वसलेले आहे: पश्चिमेला सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीच्या बाजूस दख्खनच्या लाव्हारसातून बनलेला बेसॉल्ट खडक आहे, तर पूर्वेकडे त्याहून कितीतरी प्राचीन असे खडक आहेत. बेसॉल्ट झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत चिकणमातीचा अंश मोठा असतो. तिच्यातील स्मेक्टाइट गटाची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात हीच जमीन हात जाईल अशा भेगांनी उलते आणि श्रावणात पायाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते. देशाच्या मृदासर्वेक्षणाचे काम पाहणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो नागपुरातच आहे, हे या भूमीला साजेसेच म्हणावे लागेल. वर्षाकाठी सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, असे येथील मान असल्यामुळे मातीची बारीक छिद्रे पाण्याने भरून जातात, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीजन्य मूळकूज बळावते. संत्र्याच्या बागायतदाराला ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. चिबड जमिनीत फायटॉप्थोरा बुरशीमुळे होणारा डिंक्या त्याने पाहिलेला असतो आणि बागेत चर काढण्याचे महत्त्व तो जाणून असतो. फुलझाडांच्या बाबतीत मात्र हीच दक्षता क्वचित घेतली जाते, आणि पाने मलूल दिसताच, माती ओली आहे की कोरडी हे न पाहता, आणखी पाणी घातले जाते. गुलमखमलीची जितकी रोपे उन्हाने मरतात त्याहून कितीतरी अधिक या मायेने मरतात.

जमिनीत लागवड करायची असल्यास निदान वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत आणि काळ्या मातीत बारीक मुरूम किंवा जाड वाळू व चांगले कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. केवळ थोडीशी वाळू घातल्याने चिकणमाती सुधारत नाही. ती उलट अधिक घट्ट बसण्याचा धोका असतो, म्हणून सेंद्रिय खताचा वाटा मोठा हवा. कुंडीसाठी एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग मुरूम वा वाळू हे मिश्रण पुरते. तळाचे छिद्र मोकळे आहे ना, हे पावसाळ्यापूर्वी पाहून घ्यावे आणि कुंडीखाली बशी ठेवू नये. लागवड, खुरपणी आणि आंतरमशागत वाफशावरच करावी, म्हणजे माती ओलसर असेल पण हाताला चिकटणार नाही, ढेकूळ दाबताच फुटेल, अशा स्थितीत. ओल्या काळ्या मातीत खुरपे घातले तर तिचे पुढे दगडासारखे ढेपळे बनतात.

बियांभोवतीची लोकर पाण्याला अडवते, त्यामुळे उगवण रखडते. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, वाळूत चोळून पेरल्यास आठ ते चौदा दिवसांत अंकुर दिसतात. दिवाळीला फुले हवी असतील तर मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात आडोशाला रोपे तयार करावीत आणि जुलैमध्ये पावसाची उघडीप साधून ती २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडावा. या झाडाची पाने समोरासमोर जोडीने येत असल्यामुळे खुडलेल्या पेऱ्यापासून दोन फांद्या फुटतात आणि प्रत्येकीच्या टोकाला बोंड धरते. नत्राचा मारा केल्यास पाला माजतो आणि फुले मागे पडतात. ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत फुलोरा चालतो. थंडीचा कडाका पडला की वाढ थांबते. सर्वसाधारण वाण ४५ ते ६० सेंटिमीटर उंच होतात, ‘बडी’सारखे बुटके वाण त्याच्या निम्म्याहूनही ठेंगणे राहतात, आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ हा तांबडा वाण गॉम्फ्रिना हागेआना या वेगळ्या जातीचा आहे.

कीडरोगांचा त्रास थोडाच. रोपवाटिकेत रोपमर, दमट हवेत पानांवर ठिपके, ऑक्टोबरच्या उन्हात लाल कोळी आणि अधूनमधून मावा एवढे सांभाळले की पुरते. मात्र या झाडाने वनस्पतिरोगशास्त्राला जी सेवा दिली आहे ती बागकामाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. बटाट्याच्या एक्स विषाणूची लागण अनेकदा डोळ्यांना दिसत नाही; अशा संशयित बटाट्याच्या पानाचा रस, बारीक खरखरीत भुकटी भुरभुरवून, गुलमखमलीच्या पानावर हलकेच चोळला की काही दिवसांत पानावर लालसर कडेचे ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका म्हणजे विषाणू शिरला आणि झाडाने त्याला तेथेच रोखले अशी एक जागा. त्यामुळे ठिपके मोजून रसातील विषाणूच्या प्रमाणाचा अंदाजही बांधता येतो. निरोगी बेणे निवडण्याच्या कामी प्रयोगशाळांनी या सूचक वनस्पतीचा दीर्घकाळ उपयोग केला आहे.

फुले सुकविण्याची रीत त्यांच्या रंगद्रव्याशी निगडित आहे. गुलाब, जास्वंद यांचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन गटाचा असतो. गुलमखमलीचा रंग बीटालेन या नत्रयुक्त गटाचा आहे, जो बीटमध्येही असतो, आणि त्यातील काही द्रव्यांना या झाडावरूनच गॉम्फ्रेनिन हे नाव मिळाले. हा रंग उष्णता आणि प्रकाश यांनी विघटित होतो. म्हणून बोंड पूर्ण भरले पण तळची छदके सुटू लागली नाहीत अशा वेळी, दव उडाल्यावर, लांब देठासह तोडणी करावी आणि लहान जुड्या अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलट्या टांगाव्यात. उन्हात वाळविलेली फुलेही टिकतात, पण फिकी पडतात. नागपूरची ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील कोरडी हवा या कामाला फार अनुकूल आहे. दोन-तीन आठवड्यांत फुले तयार होतात.

भाऊबीजेच्या दिवशीच नेपाळमध्ये भाईटीका साजरी होते आणि तेथे बहिणी भावाच्या गळ्यात याच फुलांची, तेथे मखमली म्हणून ओळखली जाणारी, माळ घालतात. न कोमेजणारे फूल हे भावाच्या दीर्घायुष्याचे चिन्ह मानले जाते. तमिळनाडू आणि केरळातही माळांसाठी व ओणमच्या पुष्परांगोळीसाठी ते वापरात आहे. सीताबर्डीच्या नेताजी फूल बाजारात दिवाळीला झेंडू आणि शेवंती यांचेच ढीग लागतात, आणि लक्ष्मीपूजनाची तोरणे पाडव्यानंतर कचऱ्यात जातात. त्यांच्या जोडीला गुलमखमलीची तोरणे आली तर ती पुढच्या सणालाही दारावर बांधता येतील; थोड्या जमिनीच्या फुलउत्पादकाला तर त्याचा विशेष लाभ, कारण भाव पडला म्हणून माल त्याच दिवशी फेकून देण्याची पाळी या फुलात येत नाही.

पुढील हंगामाचे बी याच पिकातून धरता येते. उत्तम रंगाची काही बोंडे डिसेंबरपर्यंत झाडावरच पूर्ण वाळू द्यावीत, ती चुरगळून लोकरीसह कागदी पिशवीत कोरड्या जागी ठेवावीत आणि पिशवीवर रंग व वर्ष लिहावे. पांढऱ्या आणि जांभळ्या वाणांचे बी स्वतंत्र हवे असेल तर ते वाफे एकमेकांपासून दूर ठेवावेत, कारण फुलपाखरे आणि मधमाश्या या बोंडांवर सतत येतात. जी बोंडे वाफ्यातच गळतात त्यांतील बी पावसाळ्यात आपोआप उगवते. ती रोपे दाट असतात, म्हणून चार ते सहा पानांवर असतानाच वाफसा साधून उपटावीत आणि नव्या गादीवाफ्यावर लावावीत.