सायकल व्हॅनमध्ये मावते, पण झोपते कुठे?

सेमिस्टर संपते, ग्रुपवर कुणीतरी कॅम्परव्हॅनचा रील टाकतं आणि अर्ध्या तासात प्लॅन तयार होतो. पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, दिवेआगर. चौघं जण, भाड्याची व्हॅन, तीन रात्री. हॉटेलचा खर्च नाही, चेकआउटची घाई नाही. तेवढ्यात एक मेसेज पडतो, ‘माझ्या दादाकडे दोन फोल्डिंग ई-बाइक आहेत, त्या पण टाकू ना गाडीत!’ धडाधड थम्स-अप येतात. कुणीतरी शहाणा विचारतो, ‘ठेवणार कुठे?’ त्यावर उत्तर ठरलेलं: ‘अरे, फोल्ड होतात त्या. मावतील कुठेतरी.’

या ‘कुठेतरी’बद्दल आज थोडं बोलू या. कारण आयडिया एकदम भारी आहे, फक्त त्या एका शब्दात सगळी मेख आहे.

आधी हे मान्य करू, की कल्पना चांगलीच आहे

कॅम्परव्हॅनची एक मजेशीर अडचण असते. ती तुमचं घरही असते आणि गाडीही. एकदा वाडीत जागा बघून लावली, बेड उघडला, शेगडी मांडली, की नुसतं दूध आणायलासुद्धा अख्खं घर आवरून निघावं लागतं. त्यात दिवेआगरसारख्या गावात सुपारीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या गल्ल्या अरुंद. समोरून एसटी आली की मोठी व्हॅन रिव्हर्स घेता घेता घाम फुटतो. तिथे सायकल कामाला येते. व्हॅन एका जागी उभी, तुम्ही मोकळे. आरावीमार्गे श्रीवर्धनला जाणारा समुद्राकाठचा रस्ता काचेआडून बघण्यापेक्षा सायकलवरून बघायची मजा वेगळी, आणि मध्ये चढ आलाच तर मोटर मदतीला आहेच.

शिवाय कागदपत्रांची कटकटही कमी. आपल्याकडे मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर अशी ई-बाइक नियमांच्या भाषेत ‘मोटार वाहन’ ठरत नाही. म्हणजे नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही. (हेल्मेट मात्र घाला. डोकं नियम वाचून आपटत नाही.)

आता ‘फोल्डिंग’ या शब्दाकडे या. फोल्डिंग म्हणजे छोटी आणि हलकी, असं आपण गृहीत धरतो. लंडनच्या ब्रॉम्प्टनचं उदाहरण घ्या. अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनीअरने १९७५ च्या सुमारास आपल्या फ्लॅटमध्ये हिचं डिझाइन सुरू केलं. १६ इंची चाकांची ही सायकल घडी घातली की साधारण ५८ सेंटिमीटर लांब, ५६ उंच आणि २७ रुंद होते. म्हणजे एखादी मोठी ट्रॅव्हल बॅगच. पण आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच फोल्डिंग ई-बाइक २० इंची चाकांच्या असतात. पुण्याच्या ईमोटोरॅड कंपनीच्या ‘डूडल’सारख्या मॉडेलचे टायर तर चांगले जाडजूड. अशा सायकली घडी घातली तरी कॉटखालच्या ट्रंकेएवढी जागा खातात आणि वजन सहज २० किलोच्या पुढे जातं. दोन सायकली म्हणजे ४० किलो. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो, त्यावरून अंदाज घ्या.

पहिला प्रश्न: ब्रेक मारल्यावर ती कुठे जाईल?

सायकल उभ्या व्हॅनमध्ये कुठे मावते, हे बघणं सोपं आहे. बघायचं असतं ते वेगळंच. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना अचानक गाय आडवी आली आणि गाडी कशावर तरी आदळली, तर गाडी थांबते. आत सुटी ठेवलेली सायकल थांबत नाही. ती त्याच वेगाने पुढे येते.

बारावीचं फिजिक्स आठवा. ताशी ६० चा वेग म्हणजे साधारण १४ मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूचा वेग. थोडक्यात, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून कुणीतरी २० किलोची सायकल खाली सोडली आणि खाली तुमचा ड्रायव्हर मित्र बसलाय. धडकेत गाडी एक मीटर अंतरात थांबली, तर त्या सायकलला जागेवर धरून ठेवायला जवळपास २८० किलो वजनाएवढा जोर लागतो. दोन सायकली एकत्र बांधल्या असतील तर त्याच्या दुप्पट. हा आकडा लक्षात ठेवला, की कशाने बांधायचं हा प्रश्न आपोआप सुटतो.

हूक असलेली इलॅस्टिकची दोरी इथे चालत नाही. ती ताणली जाते, हाच तिचा गुण आणि हाच तिचा दोष. ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा घ्या. त्याच्यावर किती किलोपर्यंत भार चालतो ते छापलेलं असतं, ते वाचा. पट्टा चाकातून नको, फ्रेममधून घाला. आणि त्याचं दुसरं टोक प्लायवूडच्या कपाटाला, टेबलाच्या पायाला किंवा बेडच्या फळीला अडकवू नका. गाडीच्या लोखंडी भागात बोल्टने बसवलेल्या कड्यालाच अडकवा. व्हॅन भाड्याची असेल तर अशी कडी कुठे आहेत हे बुकिंग करतानाच विचारा. नसतील, तर सायकली न नेणं हेच खरं उत्तर. भाड्याच्या गाडीत स्वतः भोकं पाडायची नसतात, आणि स्वतःच्या गाडीतही मोठे बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत.

जागा निवडताना दोन गोष्टी बघा. एक, वजन जितकं खाली तितकं चांगलं. बेडखालची पोकळी त्यासाठी सगळ्यात योग्य. वरच्या कपाटात किंवा टपावर ४० किलो चढवले की ताम्हिणीच्या वळणांवर गाडी डोलते आणि पोटातलं मिसळपाव आठवण करून देतं. दोन, वजन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असावं. सगळं सामान मागच्या चाकांच्याही मागे गेलं, तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड कमी होते.

मग मागच्या दाराला बाहेरून रॅक लावला तर? लावता येतो. पण रॅकची वजनाची मर्यादा तपासा, कारण बरेच रॅक साध्या सायकलींसाठी बनलेले असतात. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाऊ देऊ नका. बाहेरच्या सायकलला धूळ, खारा वारा, पाऊस आणि चोर चौघंही भेटतात. म्हणून तर घडीची सायकल आत ठेवायचा मोह होतो.

दुसरा प्रश्न: बॅटरी कुठे झोपते?

इथे जरा गंभीर होऊ या. सायकल आणि तिची बॅटरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत असं समजा. त्यांच्या जागाही वेगळ्याच हव्यात.

फोल्डिंग ई-बाइकची बॅटरी साधारण ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॉट-तासांची असते. तुलनेसाठी सांगते, विमानात प्रवाशाला १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेताच येत नाही. तुम्ही त्याच्या दुपटीहून मोठी बॅटरी घेऊन एका बंद डब्यात झोपणार आहात, तेही गॅसच्या शेगडीशेजारी.

चांगल्या कंपनीची, धड अवस्थेतली बॅटरी सहसा काही करत नाही. भीती असते ती आपटलेल्या, पाणी शिरलेल्या, लोकल सेलची जुळवाजुळव केलेल्या किंवा भलत्याच चार्जरने चार्ज केलेल्या बॅटरीची. आतला एक सेल तापला की तो शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. ही साखळी सुरू झाली की काही सेकंदांत विषारी धूर आणि ज्वाळा येतात, आणि विझल्यासारखी वाटलेली आग पुन्हा पेटू शकते. न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या आगींत १८ जणांचा जीव गेला. यातल्या बऱ्याच आगी ई-बाइक आणि ई-स्कूटरच्या होत्या. त्याच वर्षी तिथे सुरक्षा प्रमाणपत्र नसलेल्या ई-बाइक विकायला बंदी आली. ती तर घरं आणि दुकानं होती. व्हॅनमध्ये तुमचा बेड आणि बॅटरी यांच्यात जेमतेम दोन मीटर अंतर असतं.

म्हणून हे साधे नियम पाळा. सायकल आत चढवायच्या आधी बॅटरी काढून घ्या. सायकल दोन-तीन किलोंनी हलकी होते हा बोनस. सायकल बेडखाली गेली तरी बॅटरी बेडखाली जाणार नाही. ती दणके लागणार नाहीत अशी, पॅडिंग असलेल्या पिशवीत, गॅस सिलिंडर आणि शेगडीपासून लांब, घट्ट बांधून ठेवा. फुगलेली, वास येणारी, हात लावल्यावर विनाकारण गरम लागणारी किंवा समुद्राच्या पाण्यात भिजलेली बॅटरी व्हॅनमध्ये घेऊच नका.

ऊन हा दुसरा शत्रू. काचा बंद करून उन्हात लावलेली गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापते. बाहेर ३३ असेल तर आत ५० च्या पुढे. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात. तेव्हा बीचवरून आलात, व्हॅनची भट्टी झालीय, तर आधी दारं उघडा, चहा घ्या, मग चार्जर शोधा.

तिसरा प्रश्न: चार्जिंग करणार कशावर?

‘व्हॅनमध्ये इन्व्हर्टर आहे की!’ आहे, पण हिशेब करा. व्हॅनची आतली बॅटरी समजा १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची आहे. म्हणजे १२०० वॉट-तास. दोन रिकाम्या सायकलींना ७२० लागतात आणि इन्व्हर्टर-चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर ८५० च्या वर. पंखा, फ्रिज आणि चार मोबाइल यांच्या वाट्याला काय उरलं ते तुम्हीच बघा. बॅटरी लेड-ॲसिडची असेल तर ती जपण्यासाठी निम्मीच वापरायची असते. मग एक सायकलसुद्धा विचार करून चार्ज करावी लागते.

त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. ज्यांच्या वाडीत गाडी लावली त्या काकूंना विचारा. एक बॅटरी भरायला जेमतेम अर्धं युनिट वीज लागते. रीतसर विचारून, पैसे देऊन, व्हरांड्यात, दिवसा, तुमच्या नजरेसमोर चार्ज करा. कुणी ‘राहू दे रे’ म्हटलं तरी पैसे द्या. आणि सगळे झोपलेले असताना व्हॅनच्या आत चार्जिंग नको. कधीच नको.

चिखल, वाळू आणि बोटं

आता थोड्या हाताच्या गोष्टी. घडी घालायच्या आधी चाकं पुसा, नाहीतर तीच वाळू रात्री अंथरुणात येते. खाली रबरी मॅट किंवा ताडपत्री टाका. साखळी आणि गिअर असलेली बाजू वर ठेवा, दुसऱ्या बाजूवर सायकल टेकवा. दोन सायकली एकमेकींवर येत असतील तर मध्ये जुनी गोधडी घाला. हँडलवरच्या डिस्प्लेवर मोजा चढवला तरी चालतो. घडीचं लोहचुंबक प्रवासात सुटतं, म्हणून वेल्क्रोचा एक पट्टा गुंडाळा. घडी घालताना बिजागरीत बोट सापडतं, तेव्हा अंधारात घाई नको. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा आणि साखळीला तेल द्या, कोकणात गंज मुक्कामालाच असतो. उचलताना दोघं जण लागा.

आणि शेवटचा, खरा प्रश्न

पट्टा, पॅडिंग, चार्जर, सगळं जमलं. तरी एक गोष्ट उरतेच. रात्री काही झालं तर तुम्ही बाहेर कसे पडणार?

बऱ्याच ग्रुपमध्ये होतं असं, की झोपायची वेळ झाली, बेड उघडायला जागा हवी, म्हणून सायकली सरकवून सरकत्या दारापाशी उभ्या केल्या जातात. ‘सकाळी काढू.’ पण ती जागा रिकामी नसते, ती तुमची बाहेर पडायची वाट असते. नियम एकच: तुम्ही आणि दार यांच्यामध्ये ना सायकल, ना बॅटरी. सायकली बेडखाली जात नसतील, तर रात्री त्या बाहेर काढून झाडाला किंवा चाकाला साखळीने कुलूप लावून ठेवा, वर ताडपत्री टाका. चोरीची काळजी आहे, मान्य. पण सायकल परत घेता येते.

धुराचा अलार्म छताला लावा. आग विझवायचं छोटं यंत्र हाताशी ठेवा, ते पडदा किंवा शेगडी पेटली तर उपयोगी पडतं. बॅटरी पेटली तर मात्र हिरोगिरी नको. सगळ्यांना उठवा, बाहेर पडा, लांब जा, ११२ लावा.

आणि निघायच्या आधी, गाडी घराखाली उभी असतानाच, एकदा ट्रायल घ्या. सगळं सामान भरा, बेड उघडा, चौघंही आडवे व्हा, दिवे बंद करा. मग मोबाइलचा टॉर्च न लावता बाहेर पडून दाखवा. पायात काहीही न अडकता चौघंही पटकन खाली उतरलात, तर सायकलींची जागा बरोबर आहे. कुणाच्या नडगीला पेडल लागलं, तर सामान पुन्हा काढा आणि पुन्हा लावा. पार्किंगमध्ये वॉचमनकाका हसतील. हसू दे.