शोधनिबंध गाजला, पण कशामुळे?

31 जानेवारी 2020. वुहानमध्ये टाळेबंदी लागून जेमतेम आठवडा झाला होता. त्या दिवशी दिल्लीतल्या काही संशोधकांनी ‘बायोआर्काइव्ह’ या संकेतस्थळावर एक प्रीप्रिंट, म्हणजे इतर तज्ज्ञांनी अजून न तपासलेला शोधनिबंध, टाकला. नव्या कोरोना विषाणूच्या काटेरी प्रथिनातले चार छोटे तुकडे एचआयव्हीच्या प्रथिनांशी जुळतात आणि हा योगायोग नसावा, असा त्यातला दावा होता. विषाणू प्रयोगशाळेत घडवल्याचा पुरावाच मिळाला, असे म्हणत ट्विटरवर लोकांनी तो झपाट्याने पसरवला. पण त्याच ट्विटरवर जीवशास्त्रज्ञांनी त्यातली चूकही लगेच दाखवून दिली. इतक्या लहान तुकड्यांशी जुळणारे क्रम कितीतरी सजीवांत सापडतात, त्यावरून एचआयव्हीशी नाते जोडता येत नाही. 2 फेब्रुवारीला लेखकांनी निबंध मागे घेतला.

समाजमाध्यमांवर निबंधाची किती चर्चा झाली ते सांगणारा त्याचा गुणांक मात्र चढतच राहिला. कारण हा गुणांक काढताना प्रत्येक उल्लेखाची बेरीज होते, टीकेची वजाबाकी होत नाही. निबंध खोडून काढणाऱ्यांनीही तो वाढवलाच.

या मोजमापाला ‘ऑल्टमेट्रिक्स’ म्हणतात. जेसन प्रीम या अमेरिकी संशोधकाने 2010 मध्ये हे नाव सुचवले आणि त्याच वर्षी तीन सहकाऱ्यांसह त्याचा जाहीरनामा लिहिला. तोवर संशोधनाचे वजन मुख्यतः एकाच मापाने ठरत असे: इतर शोधनिबंधांनी त्याचा संदर्भ किती वेळा दिला. युजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला, तेव्हापासून हे माप रूढ झाले. पण संदर्भ जमायला वर्षे लागतात. शिवाय एखादा निबंध वाचून डॉक्टरने उपचार बदलले किंवा सरकारने धोरण आखले, तर संदर्भांच्या यादीत त्याची नोंदच होत नाही. प्रीम यांची तक्रार रास्त होती.

आज अनेक नियतकालिकांच्या संकेतस्थळांवर निबंधाशेजारी एक रंगीत कडे आणि त्यात आकडा दिसतो. ‘ऑल्टमेट्रिक’ या लंडनच्या कंपनीची ही खूण. वृत्तपत्रातल्या बातमीला 8 गुण, ब्लॉगला 5, समाजमाध्यमांवरच्या उल्लेखाला त्याहून बरेच कमी. विकिपीडिया आणि धोरणांची कागदपत्रेही मोजली जातात. माझ्या मते या सगळ्यात धोरणाची कागदपत्रे सर्वांत मोलाची, कारण तिथे कुणीतरी निबंध वाचून त्यावर निर्णय घेतलेला असतो. ट्वीट करणाऱ्याने तो उघडला असेलच असे नाही.

मग ट्वीटवरून पुढचे संदर्भ ओळखता येतात का? संपादक गुंथर आयझेनबाख यांनी 2011 मध्ये स्वतःच्या नियतकालिकातले निबंध तपासले. ज्यांवर खूप ट्वीट झाले त्यांना पुढे भरपूर संदर्भ मिळण्याची शक्यता 11 पट होती, असे त्यांना आढळले. पुढे अनेक नियतकालिकांवर झालेल्या अभ्यासांत मात्र हे नाते अगदीच कमकुवत निघाले.

आपल्यासाठी आणखी एक अडचण आहे. ऑल्टमेट्रिकचे यंत्र मुख्यतः दुवे आणि डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, यांच्या आधारे उल्लेख शोधते. व्हॉट्सॲपच्या खासगी गटांतले काहीच त्याला दिसत नाही. ‘शास्त्रज्ञांनी शोधून काढले’ एवढेच सांगून थांबणारी मराठी बातमीही त्याच्या हाती सहसा लागत नाही. महाराष्ट्रात संशोधनाबद्दल अशा ठिकाणी जे वाचले आणि बोलले जाते, ते त्यामुळे हिशेबाबाहेर राहते.

म्हणून मराठी पत्रकारांना विनंती: बातमीखाली मूळ निबंधाचा दुवा द्या. आणि वाचकांनो, रंगीत कड्यातला आकडा दिसला की त्यावर टिचकी मारा. कोण काय म्हणाले, त्यातले काही तिथे वाचायला मिळते. ते वाचूनच निबंधाबद्दल मत बनवा.