दारावर डकवलेलं समन्स

बेलिफाचा अहवाल चार ओळींचा आहे. प्रतिवादी घरी मिळून आला नाही, घराला कुलूप होतं, पत्ता नक्की कळला नाही, सबब समन्सची प्रत दारावर डकवली. खाली सही, आणि तारीख जानेवारीतली. वकील मॅडम त्या तारखेवर बोट ठेवून शेजारच्या जोडप्याकडे बघतात.

"जानेवारीत कुठं होता तुम्ही?"

"कारखान्यावर," तो म्हणतो. "दिवाळी झाली की निघतो आम्ही. पाडव्याच्या आत कोण असतंय घरी?"

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, रेकॉर्डच्या खोलीत आम्ही उभे आहोत. पुकारा व्हायला वेळ आहे. मॅडम रोजनाम्याची पानं उलटतात. समन्स बजावल्याची नोंद, मग प्रतिवादी गैरहजर, मग दावा एकतर्फी चालवण्याचा हुकूम, मग वादीचं शपथपत्र, मग निकाल. 82,000 रुपये, वर सालाना सहा टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च. ज्या महिन्यांत हे सगळं लिहिलं गेलं त्यातल्या बहुतेक काळात हा माणूस उसाच्या फडात होता. त्याला कोर्ट कळलं ते जप्तीचं वॉरंट घेऊन बेलीफ दारात आला तेव्हा.

"शेळ्या लिहून नेल्या," बायको सांगते. "भांडी मी आधीच जावेकडं नेऊन ठेवली."

"भांड्यांना हात लावता येत नाही," मॅडम म्हणतात. "अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र. कलम 60 मध्ये लिहिलंय. कुणी आलं तर सांगायचं."

ती मान हलवते, पण भांडी परत आणेल असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नाही.

वादी म्हणजे त्यांचा जुना मुकादम. दाव्यात तो मुकादम नाहीच. तिथं तो नुसता गावातला एक इसम आहे, ज्यानं ओळखीच्या माणसाला अडचणीच्या वेळी हातउसने पैसे दिले. सोबत शंभराच्या बाँडची प्रत, निशाणी 3. ऊस, कोयता, उचल, टन यांतलं एक अक्षर त्या कागदात नाही. मला या फायलीत सगळ्यात जास्त हे खुपतं. दसऱ्याच्या सुमारास उचल द्यायची, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरायचा, मजुरी उचलीतून वळती करायची आणि हंगाम संपल्यावर "अंगावर बाकी निघाली" म्हणून पुढच्या वर्षाला बांधून घ्यायचं, हा व्यवहार इथं शेंबडं पोरही ओळखतं. कोर्टापुढे मात्र तो हातउसने होऊन येतो.

82,000 म्हणजे किती? ही उचल घेतली त्या हंगामात तोडणीचा दर टनाला 273 रुपयांच्या आसपास होता. 366 वर तो गेला 2024 च्या जानेवारीतल्या करारानं. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार करतो. तीनशे टन. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडला तर दीडशे दिवस, म्हणजे अख्खा हंगाम, तोही एक खाडा न होता. आणि खाडा तर झालाच होता.

"ही तापानं पडली," तो सांगतो. "आठ दिवस. एक माणूस पडलं की कोयताच बंद. मुकादमानं दोघांचा खाडा धरला, वर दंड लावला."

"टनाच्या पावत्या?"

"आमच्या नावानं पावती कुठं असती, मॅडम. काट्यावर गाडी चढती. पावती गाडीच्या नंबरानं निघती, ती मुकादमाकडं."

किती ऊस तोडला त्याचा कागद एकाकडे आणि तो तोडणारे हात दुसऱ्याचे. म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी टोळी बदलली. म्हणून दावा लागला.

मुकादम व्हरांड्यात आहे. या दोघांना बघून तो "राम राम" म्हणतो, तेही म्हणतात. मी बोलायला जातो तर तो चिडत नाही. "मला तरी कोण सोडतंय? वाहतूकदारानं माझ्या चेकवर केस टाकलीय. मी पैसे आणले, ह्यांना वाटले, हे पळाले. मी कुठून भरू?" तो खोटं बोलत नसावा. मुकादमाकडून कोरे चेक घेऊन ठेवायची रीत या धंद्यात जुनी आहे, आणि चेक वटला नाही की फौजदारी लागते. पण स्वतःवरचा दाब खाली ढकलताना त्यानं हिशेबाची वही बाहेर काढली नाही, बाँड काढला. ते मला मान्य होत नाही.

पुकारा होतो. अर्ज आदेश 9, नियम 13 खाली आहे: समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल किंवा हजर न राहण्याला पुरेसं कारण असेल तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करता येतो. मुदत तीस दिवसांची. वादीचे वकील तिथंच बोट घालतात.

"निकालाला वर्ष होत आलं, साहेब. विलंब माफीचा अर्जसुद्धा नाही."

"समन्स रीतसर बजावलं नसेल तर तीस दिवस निकाल कळल्यापासून मोजायचे," मॅडम म्हणतात. "जप्ती आली त्याच महिन्यात आम्ही अर्ज दिलाय. घर कुणी दाखवलं, कुणासमक्ष प्रत डकवली, अहवालात एकही नाव नाही."

"वादीनं फोनवर सांगितलं होतं यांना. दाव्याची माहिती होती."

"कोणत्या तारखेला?" न्यायाधीश विचारतात. वकील मागे वळून मुकादमाकडे बघतात. मुकादम खाली बघतो.

मग न्यायाधीश थेट प्रतिवादीलाच विचारतात, "जानेवारीत गावात नव्हता याला पुरावा काय?"

तो गप्प होतो. नवा मुकादम साक्षीला येणार नाही, हे त्याला माहीत आहे. मॅडम एक कागद पुढे करतात: जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा दाखला. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालतं. त्यांची चौथीतली मुलगी त्या हंगामात तिथं होती, हजेरीपटात नाव आहे. बेलीफ आला त्या दिवशीही ती हजर होती. न्यायाधीश दाखला दोनदा वाचतात.

मॅडम पुढचा मुद्दा काढतात. हा पैसा हातउसना नव्हे, मजुरीवरची उचल आहे. तिच्यापायी दुसरीकडे कामाला जायची मोकळीक गेली असेल तर 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली असं कर्ज संपुष्टात येतं, त्याच्या वसुलीचा दावाच चालत नाही, आणि ते कर्ज तसलं नाही हे शाबीत करायचा बोजा धनकोवर येतो. न्यायाधीश हात वर करतात. "ते लेखी कैफियतीत घ्या. आज एवढंच बघायचंय की यांना ऐकलं गेलं का."

वादीचे वकील निम्मी रक्कम कोर्टात भरायला लावा म्हणतात. न्यायाधीश नाही म्हणतात आणि हुकूम सांगतात. एकतर्फी हुकूमनामा रद्द. प्रतिवादीनं वादीला खर्चापोटी दोन हजार रुपये द्यावेत, पुढच्या तारखेला कैफियत दाखल करावी.

बाहेर आल्यावर तो पहिलं विचारतो, "म्हंजी शेळ्या राहिल्या?"

"राहिल्या. हुकूमनामाच गेला तर जप्ती कशाच्या जोरावर? पण दावा संपलेला नाही, दादा. तो आता सुरू झालाय."

"आन् दोन हजार?"

मॅडमना फी द्यायची नाही, त्या विधी सेवा समितीकडून आल्या आहेत. पण हे दोन हजार त्यांनाच भरावे लागतील, आणि हंगामाच्या आत एवढी रक्कम हातात यायचा एकच रस्ता त्या दोघांना ठाऊक आहे: नव्या मुकादमाकडून आणखी थोडी उचल. नवराबायको एकमेकांकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. मला ते बघवत नाही.

मॅडम बाकावर बसून अर्जाचा मसुदा लिहायला घेतात. त्या हंगामातली काट्याची नोंद कारखान्याकडून मागवायची आहे. ट्रॅक्टरचा नंबर लागेल. त्याला शेवटचे दोन आकडे आठवतात. बायको पूर्ण नंबर सांगते, आणि आठवड्याला किती खेपा निघायच्या तेही.

"तुम्हाला कसं पाठ?"

"मोळ्या मी वाहिल्या, मॅडम. गाडीवर चढून." मग ती थांबून विचारते, "दाव्यात ह्यांचंच नाव हाय. माझं कुठं न्हाई का?"

नाही. बाँडवर सही नवऱ्याची, दावा नवऱ्यावर, हुकूमनामा नवऱ्यावर. कोयत्यातला अर्धा वाटा हिचा, आणि फायलीच्या कुठल्याच पानावर ही नाही.

"साक्ष द्याल?"

"देते की. काय खोटं हाय त्यात?"

मॅडम कोरा कागद घेतात, साक्षीदारांची यादी करायला लागतात आणि तिला तिचं पूर्ण नाव विचारतात.