पुढे गेलेले मूल आणि गणिताचा सराव

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा प्रयोग आपल्याकडील काही सुशिक्षित कुटुंबे अलीकडे करीत आहेत. या प्रयोगाच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ होते; परंतु त्यातील एका लहानशा, रोजच्या प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सहा-सात वर्षांचे मूल गणितात आपल्या वयाच्या दोन इयत्ता पुढे गेले, तर त्याला सराव कोणता द्यावा? शाळेत हा प्रश्न वर्गाच्या वेळापत्रकाखाली दबून जातो. घरात मात्र वही उघडताच तो पालकांसमोर उभा राहतो.

त्याला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर अधिक उदाहरणांचे. पंचवीस झटपट सुटली, तर पन्नास घालावीत. अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेला घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम येथेही लागू पडतो. भुकेल्याला पहिल्या भाकरीने जे समाधान मिळते, ते पाचवीने मिळत नाही. हात एकदा बसला की पुढच्या प्रत्येक उदाहरणाने ज्ञानात भर पडत नाही. कंटाळ्यात मात्र पडते. शिवाय काम लवकर आटोपल्याची बक्षिसी म्हणजे आणखी काम, हा हिशेब मुलाच्या चटकन ध्यानात येतो आणि ते रेंगाळायला शिकते. हुशार मुलाला आळशी करण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

दुसरे उत्तर पुढच्या इयत्तेच्या पुस्तकाचे. पण ही घाई कशासाठी? घरी शिकणारी अनेक मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत माध्यमिक परीक्षेस बसतात आणि त्यासाठी वयाची किमान चौदा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. सात वर्षांच्या मुलाच्या हाती आणखी सात वर्षे आहेत. इतका अवकाश असताना त्याला एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात पळवत नेणे म्हणजे गाव न पाहता केवळ स्थानके मोजत केलेला प्रवास होय.

मग उरतो गमतीचा मार्ग. येथेही विवेक हवा. पाच बेरजा केल्या की पडद्यावर तारे चमकतात, प्राणी नाचतात. या प्रकारात गंमत ताऱ्यांची असते, बेरजेची नसते. कडू औषधाला लावलेली ती साखर आहे. साखर संपली की औषध नकोसे होते. आणि मुळात गणित कडूच असते, हा समज मात्र मुलाच्या मनात घट्ट होतो. गंमत संख्यांच्या आतच सापडली पाहिजे.

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच मातीत आहे. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिक्षकी केलेले द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांच्यापाशी गणिताची पदव्युत्तर पदवी नव्हती. परंतु १९४९ मध्ये त्यांनी मांडलेल्या ६१७४ या संख्येने त्यांचे नाव जगभर पोहोचले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या सदरात त्यांची ओळख करून दिली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी. उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ हाती येते.

लहान मुलासाठी तीन अंकांचा खेळ पुरे. ८३१ मधून १३८ गेले, उरले ६९३. ९६३ मधून ३६९ गेले, उरले ५९४. ९५४ मधून ४५९ गेले, उरले ४९५. आणि मग ४९५ च पुन्हा पुन्हा येत राहते. हातच्याच्या तीन वजाबाक्या झाल्या, पण मुलाने त्या 'सराव' म्हणून केल्या नाहीत. पुढे काय निघते, या उत्सुकतेने केल्या. प्रत्येक उत्तरात मधला अंक नऊच येतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही नऊच होते. म्हणून चूक झाली तर ती त्याची त्यालाच कळते. लाल शाईची गरज उरत नाही. 'असे का होते?' हा प्रश्न त्याने विचारला की खरे गणित सुरू झाले.

सराव निवडण्याची कसोटी यातूनच मिळते. आरंभ सोपा असावा, पण शेवट दूर असावा. चूक मुलाला स्वतःला शोधता यावी. उत्तरातून नवा प्रश्न निघावा. सहा वर्षांच्या मुलाची बुद्धी पुढे धावत असली तरी बोटे सहा वर्षांचीच असतात. म्हणून लिखाण थोडे आणि तोंडी हिशेब, चिंचोके, पत्ते, फासे अधिक असावेत. खेळात आई-वडिलांनीही उतरावे आणि अधूनमधून खरोखर हरावे. शेजारची मुले आली तर उत्तमच. घरी शिकणाऱ्या मुलाला सवंगड्यांची उणीव असते. आणि खेळ रंगात असतानाच थांबवावा, म्हणजे उद्याची भूक शिल्लक राहते.

याचा अर्थ पाढे नकोत, असा नव्हे. जुन्या पंतोजींच्या शाळेतील पावकी, निमकी, दिडकी ही घोकंपट्टीच होती. पण त्या पाठांतराचा उपयोग मुलाला बाजारात रोज दिसत असे. आजही भाजीच्या पिशवीबरोबर मुलाला नेऊन अडीचशे ग्रॅमचे पैसे त्याच्याकडूनच काढून घेतले, तर पावकीला अर्थ येतो.

हा प्रश्न मूठभर घरांपुरता नाही. प्रत्येक वर्गात कोपऱ्यातले एखादे मूल आपले काम आटोपून खिडकीबाहेर पाहत बसलेले असते. त्याच्या पाटीवर आणखी दहा उदाहरणे घालणे सोपे आहे. त्याला विचार करण्याजोगा एक प्रश्न देणे अवघड आहे. मूल किती पाने पुढे गेले याची नोंद पालक आणि शिक्षक दोघेही ठेवतात. उद्या वही उघडण्याची त्याची इच्छा शिल्लक आहे की नाही, याची नोंद त्याहून महत्त्वाची आहे.