‘कॉम्प्युटर रीसेट केला’ म्हणजे नेमके काय केले?

अमेरिकेत जुनी गाडी वापरणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांच्या हाती कधी ना कधी गॅरेजचे असे बिल पडते, ज्यात ‘कॉम्प्युटर सर्व्हिस’ एवढीच एक ओळ असते आणि तिच्यापुढे दीडशे-दोनशे डॉलरचा आकडा. काय केले असे विचारावे, तर कधी उत्तर मिळते ‘रीसेट केला’, कधी ‘रीप्रोग्रॅम केला’. बरेच लोक हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात. प्रत्यक्षात ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. पहिल्याला वीस-पंचवीस डॉलरचे यंत्र आणि पाच मिनिटे पुरतात. दुसऱ्याला गाडीच्या कंपनीचे सॉफ्टवेअर, बराच वेळ आणि जाणकार माणूस लागतो. आणि बिघडलेला सेन्सर किंवा फाटलेली नळी या दोन्हींपैकी कशानेच दुरुस्त होत नाही.

फरक समजायचा तर इंजिनच्या कॉम्प्युटरच्या पोटात काय असते ते पाहू. तिथे तीन प्रकारची माहिती असते. पहिली म्हणजे कंपनीने लिहिलेला प्रोग्रॅम आणि त्याचे तक्ते: इंजिनात इतकी हवा येत असेल तर इतके पेट्रोल सोडायचे, ठिणगी अमुक क्षणी पाडायची, वगैरे. दुसरी म्हणजे गाडी चालता चालता कॉम्प्युटरने स्वतः शिकलेले आकडे. पेट्रोल नीट जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. इंजेक्टर जुने झाले, कुठे थोडी हवा गळू लागली, की हे प्रमाण बिघडते. धुरातला ऑक्सिजन मोजून कॉम्प्युटर ते ओळखतो आणि ‘या गाडीला चार टक्के पेट्रोल जास्त द्यावे’ अशी स्वतःपुरती नोंद करतो. मुंबईत पद्मिनीचा कार्ब्युरेटर स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून मिस्त्री कानाने जे जुळवायचा, तेच हे काम, फक्त सतत चालणारे. तिसरी माहिती म्हणजे तक्रारींची वही. काही बिघडले की त्यात एक कोड लिहिला जातो आणि डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागतो.

रीसेट म्हणजे यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टी पुसून टाकणे. प्रोग्रॅमला हातही लागत नाही. वाण्याच्या पाटीवरची आपली उधारी कोणी ओल्या फडक्याने पुसली म्हणून ती फिटत नाही, तसेच हे. बिघाड खरा असेल तर दोन-चार दिवसांत दिवा पुन्हा लागतो. मात्र तेवढ्यात एक मोलाची गोष्ट गेलेली असते. कोड लिहिताना त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, फेरे किती होते, याचा पंचनामाही कॉम्प्युटर करून ठेवतो. चांगला मेकॅनिक आधी तो वाचतो. घरच्या घरी बॅटरीची तार काढून ‘दिवा घालवला’ आणि मग गाडी गॅरेजला नेली, तर त्याला पुराव्याशिवाय तपास करावा लागतो आणि त्या तासांचे पैसे आपण भरतो.

दुरुस्ती झाल्यानंतर केलेला रीसेट मात्र योग्यच. त्यानंतर थोडे दिवस गाडी उभी असताना इंजिन जरा अडखळले तर घाबरू नये, शिकलेले आकडे ती पुन्हा शिकत असते.

रीसेटचा खरा फटका बसतो तो धुराच्या तपासणीच्या वेळी. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रवासी गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. ज्या राज्यांत तपासणी सक्तीची आहे, तिथे बहुतेक ठिकाणी त्यातूनच कॉम्प्युटरला प्रश्न विचारतात. दिवा बंद असणे पुरेसे नसते. ‘तुझ्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत का?’ असेही विचारले जाते. रीसेटनंतर या सगळ्या चाचण्या ‘अपूर्ण’ होतात, आणि थंड इंजिनापासून सुरुवात, गावातले चालवणे, हायवेवरचे स्थिर वेगाचे चालवणे असे सगळे झाल्यावरच एकेक पूर्ण होत जाते. पेट्रोलच्या वाफांची चाचणी सर्वांत रेंगाळते. टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी असेल तर ती सहसा सुरूच होत नाही. २००१ आणि पुढच्या गाड्यांना बऱ्याच राज्यांत एकच चाचणी अपूर्ण चालते. कॅलिफोर्नियात २००० आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना फक्त ही वाफांचीच अपूर्ण चालते. म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी दिवा पुसून गेलेला माणूस तपासणीची फी भरून हात हलवत परत येतो.

सेकंडहँड गाडी घेताना हेच ज्ञान आपल्या बाजूने वापरता येते. कोड वाचायचे छोटे यंत्र सोबत न्यावे. दिवा बंद आहे, कोड एकही नाही, पण चाचण्या मात्र अपूर्ण, असे दिसले तर कोणीतरी नुकतेच पुसले आहे. बॅटरी खरेच बदलली असेलही, पण मग आठवडाभराने पुन्हा पाहू द्यावे. साधारण २०१० पासूनच्या गाड्यांत ‘पर्मनंट’ कोड असतात. ते यंत्राने किंवा बॅटरी काढून जात नाहीत, बिघाड गेल्याची खात्री झाल्यावर गाडीच ते काढते. कॅलिफोर्नियाच्या तपासणीत जुलै २०१९ पासून तेही पाहतात.

एक गोष्ट पैशांपलीकडची. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजला जाता येते. लुकलुकत असेल तर इंजिनात पेट्रोल न जळता बाहेर पडते आहे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आहे. कन्व्हर्टर त्यामुळे लालबुंद तापून निकामी होऊ शकतो. अशा वेळी वेग कमी करून, शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबावे. दिवा पुसत तीच गाडी महिनाभर ऑफिसला नेणे म्हणजे स्पार्क प्लगच्या खर्चाचे रूपांतर हजार-दोन हजार डॉलरच्या खर्चात करणे.

आता रीप्रोग्रॅमिंग. यात पहिली गोष्ट, म्हणजे प्रोग्रॅम आणि तक्ते, बदलले जातात. १९८०च्या दशकात त्यासाठी चिपच काढून दुसरी बसवावी लागे. पुढे फ्लॅश मेमरी आली आणि त्याच सॉकेटमधून नवा प्रोग्रॅम भरता येऊ लागला. याची गरज मोजक्या वेळीच असते: मूळ प्रोग्रॅममधला दोष कंपनीने मान्य करून सुधारित प्रोग्रॅम काढला आहे, किंवा कॉम्प्युटरच बदलला आहे. दुसऱ्या प्रसंगी बहुतेक गाड्यांच्या चाव्याही नव्या कॉम्प्युटरशी जुळवाव्या लागतात. काम चालू असताना बॅटरीचा दाब घसरला तर कॉम्प्युटर अर्धवट लिहिलेला राहून मरू शकतो, म्हणून स्थिर वीज देणारे यंत्र जोडूनच ते करतात. पार्किंग लॉटमध्ये लॅपटॉप घेऊन येणाऱ्या स्वस्त माणसापासून मी तरी दूर राहीन.

प्रोग्रॅमला किती महत्त्व असते ते सप्टेंबर २०१५ मध्ये जगाला कळले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवत होते. पुर्जे तेच, वागणूक दोन प्रकारची. ‘जास्त ताकद, जास्त मायलेज’ म्हणून बाहेरून भरून मिळणाऱ्या प्रोग्रॅमबाबतही सावध राहावे. जुलै २०२१ पासून कॅलिफोर्नियात असा बेकायदा बदललेला प्रोग्रॅम सापडला की गाडी तपासणीत नापास होते.

पैसे देण्यापूर्वी दोन चौकशा कराव्या. राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा खात्याच्या वेबसाइटवर गाडीचा सतरा अक्षरी नंबर घालून रिकॉल पाहावा. रिकॉलमधले रीप्रोग्रॅमिंग फुकट असते. कंपनीने डीलरांना पाठवलेली तांत्रिक सूचना वेगळी, ती लागू असली तरी वॉरंटी संपल्यावर पैसे पडू शकतात. मात्र धुराशी संबंधित इंजिनचा कॉम्प्युटर आणि कन्व्हर्टर यांवर केंद्र सरकारच्या नियमानुसार आठ वर्षे किंवा ८०,००० मैल, जे आधी येईल तोवर, वॉरंटी असते. नेहमीची तीन वर्षांची संपली म्हणून आपण खिशात हात घालतो आणि ही विसरतो.

गॅरेजमध्ये विचारायचे ते एवढेच: कोणता कोड होता, कोणता भाग बदलला, आणि रीप्रोग्रॅम केले असेल तर प्रोग्रॅमचा आधीचा आणि नंतरचा नंबर काय. प्रत्येक प्रोग्रॅमला असा नंबर असतो आणि तो यंत्रावर वाचता येतो. दोन्ही नंबर बिलावर लिहून मागावेत. नंबर बदललेला नसेल तर फक्त पाटी पुसली गेली आहे, आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत.