ग्लासगो कोमा स्केल : शुद्धीचे गुण

• उगम : १९७४, ग्लासगो विद्यापीठ. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट.

• गुण : डोळे ४, बोलणे ५, हालचाल ६. कमाल १५, किमान ३. शून्य नाहीच.

• डोक्याला मार लागल्यास : १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी गंभीर. ८ किंवा कमी गुण असतील तर श्वासमार्ग धोक्यात. डॉक्टरांना तत्काळ कळवतात.

• हालचाल : ६ सांगितलेले करतो. ५ तपासणाऱ्याने दिलेल्या दाबाच्या जागेपर्यंत हात नेतो. ४ हात झटकन मागे घेतो. ३ हात कोपरात विचित्र आखडतो. २ हात ताठ पसरतो. १ काहीच नाही. नवख्यांची ५ आणि ४ मध्ये गल्लत होऊ शकते. दोन्ही बाजू वेगळ्या असतील तर चांगल्या बाजूचे गुण धरतात.

• दाब कुठे : नखावर, खांद्याच्या स्नायूला चिमटा किंवा भुवईखालच्या खाचेत. छातीच्या हाडावर मूठ घासणे आता टाळतात.

• नोंद : फक्त ‘१२’ नव्हे, ‘ई ३, व्ही ४, एम ५’ (अनुक्रमे डोळे, बोलणे, हालचाल). श्वासनलिकेत नळी असल्यास बोलण्याला १ देत नाहीत, ‘तपासता येत नाही’ असे लिहितात. सुजून मिटलेल्या डोळ्यांनाही हाच नियम.

• सोबत : ग्लुकोमीटर. साखर उतरली तरी माणूस बेशुद्ध होतो.